डिस्क शाबूत, तरी सर्व्हर सुरू होईना: हार्ड डिस्क कंट्रोलरच्या ‘मोड’चा पेच

जुना संगणक मोडीत न काढता त्यावर लिनक्स बसवायचे, दोन-चार हार्ड डिस्क जोडायच्या आणि घरातील सर्वांची छायाचित्रे, चित्रफिती व कागदपत्रे एकाच ठिकाणी ठेवायची, ही पद्धत आता नवी राहिलेली नाही. असा घरगुती सर्व्हर महिनोन्महिने एखाद्या कोपऱ्यात निमूटपणे चालत राहतो. मग एखाद्या दिवशी वीज जाते, काही तासांनी येते आणि यंत्र मात्र पूर्ववत सुरू होत नाही. काळ्या पडद्यावर मूळ विभाग सापडत नसल्याची एक ओळ उमटते आणि तिच्याखाली कर्सर लुकलुकत राहतो. डिस्क गेली, असा बहुतेकांचा समज होतो. प्रत्यक्षात अशा प्रसंगी डिस्क पुष्कळदा पूर्णपणे निर्दोष असते. बदललेला असतो तो तिच्याशी संवाद साधणाऱ्या कंट्रोलरचा ‘मोड’. हा फरक वेळीच ओळखला गेला नाही तर दुरुस्तीच्या नावाखाली सुस्थितीतील माहितीच पुसली जाण्याचा धोका असतो.

मदरबोर्डवरील सॅटा कंट्रोलर हा प्रोसेसर आणि हार्ड डिस्क यांच्यामधील दुभाषा आहे. तो कोणत्या भाषेत बोलणार, हे बायोस किंवा यूईएफआयमधील एका पर्यायावर ठरते. ‘सॅटा मोड’, ‘सॅटा ऑपरेशन’, ‘कॉन्फिगर सॅटा अॅज’ अशी त्याची निरनिराळी नावे आढळतात आणि त्याखाली सामान्यतः आयडीई, एएचसीआय आणि रेड असे तीन पर्याय असतात. डिस्क तीच, केबल तीच, मात्र पर्याय बदलताच ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने समोरचे उपकरण वेगळे ठरते.

तीन मोड कसे आले?

आयडीई ही सर्वांत जुनी पद्धत. रुंद, चपट्या रिबन केबलच्या काळात कंट्रोलरला दोन वाहिन्या असत आणि प्रत्येक वाहिनीवर ‘मास्टर’ व ‘स्लेव्ह’ अशा दोन डिस्क, म्हणजे एकूण चार डिस्क बसत. सॅटा मानकाची पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली, केबल अरुंद झाली, प्रत्येक डिस्कला स्वतंत्र जोडणी मिळाली. मात्र त्या वेळी वापरात असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमना नव्या कंट्रोलरची ओळख नव्हती. त्यामुळे नवा कंट्रोलर जुन्याचे सोंग घेऊ लागला. बायोसमधील ‘आयडीई मोड’ म्हणजे हेच सोंग होय. या मोडमध्ये डिस्क एका वेळी एकच आज्ञा स्वीकारते, आणि यंत्र चालू असताना डिस्क काढण्या-घालण्याची सोय बहुधा मिळत नाही.

इंटेलने २००४ मध्ये एएचसीआय या तपशिलाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. सॅटा कंट्रोलर कोणत्याही कंपनीचा असला तरी ऑपरेटिंग सिस्टिमला एकाच ड्रायव्हरने त्याच्याशी बोलता यावे, हा त्यामागील हेतू होता. एका कंट्रोलरवर कमाल ३२ पोर्ट आणि प्रत्येक पोर्टवर ३२ आज्ञांची रांग अशी त्याची मर्यादा आहे. रांगेतील आज्ञा कोणत्या क्रमाने पूर्ण करायच्या हे डिस्क स्वतः ठरवू शकते. एकाच वेळी घरातील एक जण चित्रपट पाहत असेल, दुसऱ्याच्या भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे सर्व्हरवर चढत असतील आणि पार्श्वभूमीला बॅकअप सुरू असेल, तर डिस्कच्या वाचन-दांडीची धावपळ या सोयीमुळे बरीच कमी होते. एकच मोठी फाइल सलग वाचताना मात्र आयडीई आणि एएचसीआय यांतील फरक फारसा जाणवत नाही. मोड बदलल्याने संगणक दुप्पट वेगवान होतो, असे जे सांगितले जाते त्यात तथ्य नाही.

तिसरा पर्याय म्हणजे रेड, आणि तीनपैकी सर्वाधिक गैरसमज याच शब्दाभोवती आहेत. सामान्य मदरबोर्डवरील ‘रेड मोड’मध्ये स्वतंत्र प्रोसेसर किंवा स्मृती नसते. डिस्कच्या शेवटी थोडीशी माहिती लिहून ठेवायची आणि प्रत्यक्ष काम ऑपरेटिंग सिस्टिममधील ड्रायव्हरकडून करवून घ्यायचे, एवढेच त्यात घडते. जाणकार मंडळी त्याला ‘फेक रेड’ म्हणतात. नाव कठोर असले तरी अन्यायकारक नाही. लिनक्सकडे स्वतःची, कोणत्याही मदरबोर्डवर चालणारी एमडी ही व्यवस्था असल्याने घरगुती सर्व्हरवर मदरबोर्डचा रेड वापरण्याचे सबळ कारण क्वचितच असते.

आता आणखी एक प्रश्न. एएचसीआय २००४ पासून उपलब्ध असूनही पुढची कित्येक वर्षे मदरबोर्ड आयडीई मोडमध्येच का विकले जात होते? २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर अंतर्भूत नव्हता. स्थापना करताना एफ-६ कळ दाबून फ्लॉपीवरून तो द्यावा लागे. ही कटकट ग्राहकाच्या माथी मारण्यापेक्षा उत्पादकांनी आयडीई हाच मूळ पर्याय ठेवला. त्या काळातील असंख्य संगणक आजही मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रस्ता येथील जुन्या मालाच्या दुकानांत मिळतात आणि घरगुती सर्व्हर म्हणून नव्या संसाराला लागतात. मूळ पर्याय मात्र त्यांच्या बायोसमध्ये तसाच असतो.

वीज गेल्यानंतरच बिघाड का होतो?

बायोसमधील निवड मदरबोर्डवरील एका छोट्या स्मृतीत साठवलेली असते आणि अनेक मदरबोर्डवर ती टिकवण्यासाठी नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची सीआर २०३२ ही बॅटरी असते. विजेचा पुरवठा अखंड असेपर्यंत ही बॅटरी संपली तरी कोणाला कळत नाही, कारण स्मृतीला पॉवर सप्लायकडून वीज मिळत राहते. सर्व्हर तर चोवीस तास चालू असतो. त्यामुळे बॅटरी संपल्याची वार्ता थेट पहिल्या मोठ्या वीजखंडनाच्या वेळीच येते. त्या क्षणी बायोस सर्व निवडी विसरतो आणि कारखान्यातून आलेल्या मूळ पर्यायांवर परततो. एएचसीआय निवडून लिनक्स बसवले होते, ते यंत्र आता आयडीईत जागे होते. काही यंत्रांचा मूळ पर्याय रेड असतो. डेलच्या अनेक संगणकांत तो ‘रेड ऑन’ या नावाने दिसतो.

याची खूण ओळखणे सोपे आहे. बायोसमधील दिनांक कित्येक वर्षे मागे गेलेला असेल तर बॅटरीवर संशय घेण्यास पुरेसा आधार मिळतो. बायोस अद्ययावत केल्यानंतरही हेच घडू शकते, कारण त्या प्रक्रियेत निवडी पुसल्या जाण्याची शक्यता असते. अनेक जण बायोसमधील ‘ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ हा पर्याय निष्पाप समजून निवडतात आणि तेथूनच घोळ सुरू होतो.

आता या कोड्याचा गाभा. मोड बदलला तर लिनक्सने नव्या मोडचा ड्रायव्हर घेऊन पुढे जायला हवे. दोन्ही ड्रायव्हर त्याच्याकडे असतातच. मग ते अडते कोठे? याचे उत्तर संगणक सुरू होण्याच्या क्रमात आहे. प्रथम बायोस ‘ग्रब’ या छोट्या प्रोग्रामला जागे करतो. ग्रब डिस्क वाचतो तो बहुतांशी बायोसच्याच मदतीने, त्यामुळे मोड कोणता आहे याचे त्याला सोयरसुतक नसते. ग्रब लिनक्सचे कर्नेल आणि ‘इनिट-रॅम-एफएस’ नावाची एक लहान, दाबून बसवलेली फाइल स्मृतीत चढवतो. यापुढे कर्नेल बायोसचा हात सोडून स्वतः कंट्रोलरशी बोलू लागते आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर एकतर कर्नेलमध्येच बांधलेला असावा लागतो किंवा त्या लहान फाइलीत असावा लागतो. मुख्य डिस्कवर तो शेकडो अन्य ड्रायव्हरांसह ठेवलेला असतो हे खरे, पण ती डिस्क उघडण्यासाठीच तर तो हवा असतो. किल्ली कपाटात आणि कपाट बंद, अशी ही अवस्था.

काही वितरणे ही लहान फाइल तयार करताना त्या वेळी वापरात असलेल्या यंत्रसामग्रीपुरतेच ड्रायव्हर घेतात. फाइल आटोपशीर राहावी हा त्यामागील हेतू असतो. रेड हॅट कुळातील वितरणे वापरत असलेल्या ‘ड्रॅकट’ या साधनाची हीच रीत आहे. डेबियनमध्ये मूळ पर्याय अधिक उदार असून बहुतेक डिस्क-ड्रायव्हर फाइलीत घेतले जातात; तेथे ही अडचण प्रामुख्याने कोणी जागा वाचवण्यासाठी तो पर्याय बदलला असेल तर उद्भवते.

यातून निदानाची एक सोपी कसोटी मिळते. ग्रबची यादी पडद्यावर आली, कर्नेल चढले आणि त्यानंतर मूळ विभाग सापडत नसल्याचा संदेश आला, तर याचा अर्थ असा की डिस्क काही क्षणांपूर्वी व्यवस्थित वाचली गेली होती. मेलेली डिस्क कर्नेल वाचून देत नाही. डेबियन व उबुंटूवर या वेळी त्या लहान फाइलीतीलच एक तुटपुंजे आज्ञास्थान उघडते. तेथे घाबरून काहीही टंकण्याची गरज नाही. ग्रबची यादीच आली नाही तर मात्र मोडसोबत डिस्कचा क्रमही बदलला असण्याची शक्यता असते, कारण बायोस मूळ पर्यायांवर परतला की कोणत्या डिस्कवरून सुरुवात करायची ही निवडही हरवते.

निदान: आधी पाहावे, मग हात लावावा

संशय मोडवर असो वा डिस्कवर, कारण निश्चित होईपर्यंत डिस्कवर काहीही लिहिले जाऊ नये, हा नियम सर्वांत महत्त्वाचा. फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी साधने, नव्याने विभाग पाडणारे प्रोग्राम, बायोसच्या रेड पडद्यावरील ‘इनिशियलाइज’ किंवा ‘क्रिएट व्हॉल्यूम’ हे पर्याय या टप्प्यावर वर्ज्य मानावेत. केवळ मोड बदलल्याने डिस्कवरील माहिती सहसा जात नाही. ती जाते गोंधळलेल्या माणसाने रेडच्या पडद्यावर ‘होय’ म्हटल्याने. एमडी वापरणाऱ्यांनी ‘एमडीअॅडम’ची ‘क्रिएट’ ही आज्ञा संच परत मिळवण्यासाठी कदापि वापरू नये. संचाची माहिती प्रत्येक डिस्कवर लिहिलेली असते. ती ‘एक्झामिन’ने वाचता येते आणि ‘असेंबल’ने संच पुन्हा उभा राहतो. पोर्ट बदलले, डिस्कचा क्रम बदलला तरी त्याला फरक पडत नाही.

पहिली पायरी म्हणजे बायोसमध्ये डिस्क दिसतात का, हे पाहणे. सर्व डिस्क एकदम अदृश्य झाल्या असतील किंवा बायोसला दिसत असूनही लिनक्सला एकही दिसत नसेल, तर दोष त्यांच्या सामाईक दुव्यात, म्हणजे कंट्रोलर, मोड किंवा वीजपुरवठ्यात शोधावा. चार डिस्क एकाच सायंकाळी स्वतंत्रपणे मरत नाहीत. एकच डिस्क हरवली असेल तर ती डिस्क, तिची केबल किंवा तिचे पोर्ट यांवर लक्ष केंद्रित करावे.

दुसरी पायरी यूएसबीवरून चालणाऱ्या लिनक्सची. अशा ‘लाइव्ह’ आवृत्तीत जवळजवळ सर्व कंट्रोलरांचे ड्रायव्हर असतात. तिच्यात सर्व डिस्क आणि विभाग दिसले, तर निदान जवळपास पूर्ण झाले: डिस्क ठीक, कंट्रोलर ठीक, कमतरता त्या लहान फाइलीत किंवा तिच्याशी न जुळणाऱ्या मोडमध्ये आहे.

येथे उपयोगी पडणारी आज्ञा म्हणजे ‘एलएसपीसीआय’, ‘एनएनके’ या पर्यायासह. (या आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकाव्या लागतात, येथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.) ती प्रत्येक उपकरणाचा प्रकार, त्याचा चार अंकी वर्गक्रमांक आणि त्याला लागू झालेला ड्रायव्हर दाखवते. कंट्रोलरपुढे ०१०१ असेल तर तो आयडीई मोडमध्ये आहे, ०१०६ असेल तर सॅटा म्हणजे व्यवहारात एएचसीआय, आणि ०१०४ असेल तर रेड. बायोसमधील नावे कंपनीगणिक बदलतात. हे क्रमांक बदलत नाहीत. इंटेलच्या चिपसंचावर आयडीई मोडमध्ये ‘एटीए-पीआयआयएक्स’ हा ड्रायव्हर दिसतो, तर एएचसीआयमध्ये ‘एएचसीआय’ याच नावाचा. गंमत अशी की इंटेलचा कंट्रोलर रेड मोडमध्ये असतानाही लिनक्स पुष्कळदा एएचसीआय ड्रायव्हरनेच त्याचा ताबा घेते. त्यामुळे एखादे यंत्र वर्षानुवर्षे रेड मोडमध्ये बिनबोभाट चाललेले आढळले तर आश्चर्य वाटू नये.

कर्नेलची दैनंदिनी दाखवणारी ‘डीमेसेज’ ही आज्ञाही बोलकी आहे. डिस्कच्या नोंदीपुढे ‘एनसीक्यू’ आणि कंसात ३१ किंवा ३२ ही खोली दिसली तर आज्ञांची रांग सुरू आहे. जुन्या कर्नेलमध्ये ३१, नव्यात ३२ असा फरक आढळतो. तो दोष नव्हे. खोली शून्य दिसली तर डिस्कला रांग येते, पण कंट्रोलर आयडीईच्या सोंगात असल्याने ती वापरली जात नाही, असा अर्थ होतो.

तिसरी पायरी डिस्कचे स्वतःचे आरोग्यपत्रक. ‘स्मार्टसीटीएल’ने मिळणाऱ्या तक्त्यात तीन ओळी प्रथम पाहाव्यात. पाचवी ओळ बाद होऊन बदललेल्या सेक्टरांची, १९७ वी वाचता न आलेल्या व निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांची आणि १९९ वी केबलवरील संक्रमणदोषांची असते. पहिल्या दोहोंतील आकडे वाढत असतील तर डिस्कच आजारी आहे आणि मोडची चर्चा बाजूला ठेवून आधी माहितीची प्रत काढावी. केवळ १९९ वी ओळ वाढत असेल तर बहुतेक वेळा काही रुपयांची केबल बदलून काम भागते. हा आकडा केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. हे ठाऊक नसल्याने चांगल्या डिस्क परत पाठवल्याची उदाहरणे कमी नाहीत.

दुरुस्ती

सर्वांत सोपा उपाय म्हणजे बायोसमध्ये जाऊन मोड पूर्वीचाच करणे. पूर्वीचा मोड आठवत नसेल तर एएचसीआयपासून सुरुवात करावी. गेल्या दीड दशकातील लिनक्स स्थापनांत तोच असण्याची शक्यता अधिक. मदरबोर्डचा रेड वापरलेला असेल तर मात्र रेड मोडवरच परतावे, अन्यथा संचातील डिस्क सुट्या दिसतील आणि त्यांतील एखादीवर काही लिहिले गेल्यास दोन प्रतींत तफावत पडेल. इंटेलच्या रेड संचांची रचना एमडीअॅडमलाही वाचता येते, हे अशा वेळी दिलासा देणारे आहे.

आयडीईतून एएचसीआयकडे जाणीवपूर्वक जायचे असेल तर क्रम उलटा ठेवावा: आधी जुन्या मोडमध्येच तयारी, मग बदल. डेबियन व उबुंटूवर ‘इनिटरामएफएस-टूल्स’च्या ‘मॉड्यूल्स’ फाइलीत एएचसीआय हे नाव जोडून ‘अपडेट-इनिटरामएफएस’ चालवावे. ड्रॅकट वापरणाऱ्या वितरणांत ‘अॅड-ड्रायव्हर्स’ या पर्यायासह फाइल नव्याने बांधावी. त्याचबरोबर ‘एफएसटॅब’ ही फाइल तपासावी. तेथे विभागांचा उल्लेख ‘एसडीए-१’, ‘एसडीबी-१’ अशा नावांनी असेल तर ती नावे मोड बदलताच आपापसांत अदलाबदल करू शकतात. त्याऐवजी प्रत्येक विभागाचा यूयूआयडी लिहावा. तो ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने मिळतो व कोणत्याही पोर्टवर कायम राहतो. एवढे झाल्यावर यंत्र पुन्हा सुरू करून बायोसमध्ये मोड बदलावा.

तयारीविना मोड बदलला गेला आणि यंत्र अडले, तरी मार्ग आहे. रेड हॅट कुळातील वितरणांच्या ग्रब यादीत ‘रेस्क्यू’ नावाची एक नोंद असते. तिच्या लहान फाइलीत सर्व ड्रायव्हर असतात. ती निवडून आत गेल्यावर नेहमीची फाइल नव्याने बांधता येते. त्याच डिस्कवर विंडोजही असेल तर तिला वेगळी तयारी लागते: विंडोज ८ व नंतरच्या आवृत्त्यांत सेफ मोड निवडून, मोड बदलून, एकदा सेफ मोडमध्ये सुरू करणे हा प्रचलित मार्ग आहे.

काही यंत्रांचे स्वभाव

घरगुती सर्व्हर म्हणून जगभर लोकप्रिय झालेल्या एचपीच्या मायक्रोसर्व्हर मालिकेने या विषयाचे जणू पाठ्यपुस्तकच लिहिले. एन-३६-एल, एन-४०-एल आणि एन-५४-एल या सुरुवातीच्या यंत्रांत चार मुख्य कप्पे एएचसीआयवर चालत, परंतु ऑप्टिकल ड्राइव्हसाठीचे पाचवे पोर्ट आणि मागील ई-सॅटा पोर्ट मूळ बायोसमध्ये आयडीई मोडमध्ये असत. पाचव्या पोर्टवर पाचवी डिस्क लावणाऱ्यांना ती इतरांपेक्षा संथ का, हे कोडे पडे. पाच डिस्कच्या संचात एक संथ असली की साऱ्या संचाला तिच्या चालीने चालावे लागते. यावर बदल केलेला बायोस बसवण्याचा उपाय खूप पसरला. तो अनेकांना उपयोगी ठरला हे खरे, तथापि अनोळखी स्रोताचा बायोस हा घरातील सर्व माहिती सांभाळणाऱ्या यंत्रात घालण्यापूर्वी दोनदा विचार करणेच योग्य.

२०१३ मध्ये आलेल्या ‘जेन-८’ मायक्रोसर्व्हरमध्ये निराळी अडचण होती. त्यातील बी-१२०-आय हा कंट्रोलर रेड मोडमध्ये चालवायचा तर लिनक्ससाठी कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर लागे आणि तो ठरावीक वितरणांच्या ठरावीक आवृत्त्यांपुरताच मिळे. कर्नेलच्या मुख्य शाखेत तो नव्हता. म्हणून जाणकार एएचसीआय निवडत. परंतु त्या मोडमध्ये मुख्य कप्प्यांत डिस्क असताना पाचव्या पोर्टवरील डिस्कपासून यंत्र सुरू करता येत नसे. यावर निघालेली तोड साधी आहे: केवळ ग्रब मदरबोर्डवरील यूएसबी किंवा मायक्रो-एसडी कार्डावर ठेवायचा आणि त्याने पुढे पाचव्या पोर्टवरील लिनक्स जागे करायचे. बायोसला जे जमत नाही ते काम अशा प्रकारे त्याच्याकडून काढून घेतले जाते.

नव्या संगणकांत पेच वेगळ्या रूपात येतो. इंटेलच्या रेड मोडमध्ये, ज्याला काही यंत्रांत ‘आरएसटी’ म्हटले जाते, एनव्हीएमई डिस्क सॅटा कंट्रोलरच्या आड लपवली जाते आणि लिनक्सला ती दिसतच नाही. २०१६ मध्ये लेनोवोच्या योगा ९०० या लॅपटॉपच्या एका प्रकारात केवळ हाच मोड उपलब्ध असल्याने लिनक्स बसवता येत नव्हते आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी कंपनीने एएचसीआय पर्याय असलेला बायोस दिला. नवी कर्नेल अशी लपलेली डिस्क आढळल्यास मोड रेडवरून एएचसीआय करण्याची सूचना दैनंदिनीत स्पष्ट शब्दांत लिहितात. २०२० नंतरच्या इंटेल यंत्रांत हे काम ‘व्हीएमडी’ करते. त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे, मात्र जुन्या स्थापना-यूएसबीला डिस्क सापडली नाही तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करून पाहावे. त्याच डिस्कवर विंडोज असेल तर तिची तयारी आधी करावी, हे येथेही लागू आहे.

स्वतंत्र कार्ड वापरणाऱ्यांना ‘आयआर’ आणि ‘आयटी’ ही दोन अक्षरद्वये भेटतात. एलएसआय ९२११-८-आय किंवा त्याच घराण्यातील आयबीएम एम-१०१५ ही जुन्या बाजारातील लोकप्रिय कार्डे. आयआर किंवा तत्सम रेड फर्मवेअर असता कार्ड डिस्क आपल्या ताब्यात ठेवते. आयटी फर्मवेअर असता ते प्रत्येक डिस्क जशीच्या तशी लिनक्सच्या हवाली करते. एमडी किंवा झेडएफएस वापरणाऱ्यांना आयटीच हवे. काही रेड कार्डांवर डिस्क सुटी देण्याची सोय नसते, म्हणून प्रत्येक डिस्कचा एकेकट्याने रेड-० बनवण्याची युक्ती केली जाते. त्यात डिस्कचे आरोग्यपत्रक सरळ मार्गाने दिसत नाही आणि कार्ड बंद पडल्यास त्याच घराण्यातील दुसरे कार्ड शोधत फिरण्याची वेळ येऊ शकते. अशा मांडणीतून आयटीकडे जाताना माहिती तशीच वाचता येईल याची हमी नसते. आधी अन्यत्र प्रत काढणे अपरिहार्य आहे.

याच्याशी मिळताजुळता एक प्रकार बाह्य यूएसबी डिस्कच्या बाबतीत घडतो. पेटी उघडून आतील डिस्क सर्व्हरमध्ये बसवली की ती रिकामी दिसते. २ टेराबाइटपेक्षा मोठ्या डिस्क जुन्या विंडोजवर चालाव्यात म्हणून काही यूएसबी पेट्या ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ बाइटचे असल्याचे भासवत. पेटी गेली की भासही जातो आणि विभागांचा तक्ता चुकीच्या जागी पडतो. माहिती डिस्कवर असतेच. डिस्क पुन्हा त्याच पेटीत घालून मजकूर दुसरीकडे उतरवावा आणि मगच तिची नव्याने आखणी करावी. काही पेट्या मजकूर सांकेतिक स्वरूपात साठवतात. त्यांच्या बाबतीत तर पेटी फेकून देणे म्हणजे किल्ली फेकून देणे ठरते.

बॅटरी बदलण्याचे काम पाच मिनिटांचे आहे. यंत्र बंद करून वीजजोडणी काढावी, जुनी बॅटरी काढून नवी त्याच बाजूने बसवावी. त्यानंतर प्रथम बायोसमध्ये जाऊन दिनांक, सॅटा मोड आणि सुरुवातीच्या डिस्कचा क्रम या तीन गोष्टी तपासाव्यात आणि मगच लिनक्स सुरू होऊ द्यावे. बायोसच्या या पडद्यांची भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढून ती सर्व्हरव्यतिरिक्त अन्यत्र ठेवलेली असावीत. सर्व्हर सुरू होत नसताना सर्व्हरवरच ठेवलेली छायाचित्रे पाहता येत नाहीत.

दरम्यान, आयडीईचा अध्याय हळूहळू मिटत चालला आहे. अनेक नव्या मदरबोर्डवर तो पर्यायच दिसत नाही. लिनक्सनेही ‘एचडीए’ अशी नावे देणारी आपली जुनी आयडीई ड्रायव्हर-मालिका २०२१ मधील ५.१४ या आवृत्तीतून काढून टाकली. जेफ गार्झिक यांनी सुरू केलेल्या ‘लिबाटा’ या नव्या मालिकेत जुन्या कंट्रोलरांचे ड्रायव्हर मात्र शिल्लक असल्याने, आयडीई मोडमध्ये अडकलेला पंधरा वर्षांचा संगणक आजच्या कर्नेलवरही चालू शकतो.